एका फाईलीतलं लातूर

माणिकप्पा सरांनी तो कागद माझ्या टेबलावर इतका हळू ठेवला की मी कीबोर्डवरचे हात काढून घेतले. हा माणूस फळ्यावर खडूसुद्धा आपटून लिहितो. गंजगोलाईच्या बाजारातल्या आमच्या माडीचा जिना चढताना त्यांच्या चपलांचा आवाज खाली पाशामियाँच्या घड्याळांच्या दुकानात गिऱ्हाइकांनाही ऐकू जातो. आणि आज कागद असा ठेवला, जसं नापास झालेलं पोरगं प्रगतिपुस्तक बापापुढं सरकवतं. "वाचा," म्हणाले. वाचायचं काय, कागद मीच आदल्या दिवशी छापून दिलेला. पहाटेच्या सराव परीक्षेला त्यांची किती पोरं बसतात, साइट मधेच अडकते का, एवढंच त्यांना बघायचं होतं. मी मोठ्या हुशारीनं सर्व्हरच्या लॉगमधली पहाटेची दोन पानं काढली आणि दिली हातात. त्यातल्या दोन ओळींभोवती सरांनी लाल पेनानं गोल केला होता. वरच्या ओळीत त्यांची सालेहा: आली, पेपर सोडवला, गेली. लगेच खालच्या ओळीत, त्याच पत्त्यावरून, म्हणजे त्याच नेट-कनेक्शनवरून, शेषेराव सरांच्या फिजिक्सची सराव परीक्षा उघडलेली. तिथं नाव नव्हतं, नुसता पत्ता. पण सरांना नाव लागलंच नाही.

बाहेरच्या माणसाला ह्यात काय बिघडलं ते कळणार नाही. आमच्या लातुरात पोरं फिजिक्सला एका सरांकडं जातात, केमिस्ट्रीला दुसऱ्यांकडं, बायोला तिसऱ्यांकडं. दिवसभर सायकली ह्या क्लासातून त्या क्लासात पळत असतात आणि त्याचं कुणाला काही वाटत नाही. पण एकाच विषयाला दोन सर म्हणजे सरळ सरळ सवत आणणं. त्यातून शेषेराव सर. माणिकप्पा सरांनी पहाटे चारपासून सराव परीक्षा खुली ठेवली की ते साडेतीनपासून ठेवणार, असा दोघांचा जुना संसार. "पोरगी जळकोटची," सर म्हणाले, "बापाचं बांगड्यांचं दुकान. मी स्वतः उठवून पहिल्या बॅचमध्ये बसवली हो तिला. ह्या वर्षी मेडिकलला लागणार म्हणून गावभर सांगत फिरलो. आणि ही दोन दगडांवर पाय ठेवून उभी. सोमवारी तिला पहिल्या बॅचमधून काढणार. बसू दे शेवटच्या बाकावर." मी म्हटलं, सर, एक पत्ता म्हणजे एक माणूस नसतो. "मग कोण असतंय, भूत?"  मग त्यांनी चष्मा पुसत दुसरा प्रश्न विचारला, आणि तो जास्त जड होता: "माझ्या कागदावर शेषेराव कसा आला, अंजनाबाई? म्हणजे त्याच्या कागदावर मी असतो का?" असता, सर. रोज असता. हे मनातल्या मनात. तोपर्यंत शहेबाजभाई, म्हणजे पाशामियाँचा मुलगा आणि आमच्या ह्या साइटी सांभाळायच्या धंद्याचा मालक, चहा घेऊन आत आला होता. त्यानं सरांच्या तोंडाकडं बघितलं, माझ्या तोंडाकडं बघितलं आणि चहा सरांना दिला. सर गेल्यावर म्हणाला, "दो साल से बोलरा मैं तुमको. ज्याचं त्याचं वेगळं करून टाका. आजच करा, ताई."

दोन वर्षं तो सांगत होता हे खरं. आणि दोन वर्षं मी आज करते उद्या करते करत होते, हेही खरं. काम काही डोंगराएवढं नव्हतं. एकच सर्व्हर, त्याच्यावर वेगवेगळ्या क्लासांच्या साइटी, एक सराफाची, एक मंगल कार्यालयाची, एक पाशामियाँच्या दुकानाची. आणि सगळ्यांचा लॉग एकाच फाईलीत. लॉग म्हणजे काय, तर सर्व्हरची स्वतःशी चाललेली बडबड: कोण आलं, कुठून आलं, काय मागितलं, मिळालं की हात हलवत परत गेलं. घटकाभरही गप्प बसत नाही. कामाला आल्यावर पहिल्यांदा ती फाईल उघडली तेव्हा मी चिडले होते, कुणी केलाय हा काला म्हणून. पण मग सवय लागली, आणि सवयीची गोडी लागली. दुपारी जेवणाचा डबा उघडायचा आणि समोर ती फाईल वाहती ठेवायची. एक पोरगं फिजिक्सचा पेपर सोडवतंय, तेच पोरगं केमिस्ट्रीची उत्तरं बघतंय, मधेच मंगल कार्यालयाचे फोटो उघडतंय. बहिणीचं लग्न असेल, किंवा अभ्यासाचा कंटाळा आला असेल. सगळे एकात एक. माडीच्या खिडकीतून खाली गोलाई दिसते तशीच: चहूकडचे रस्ते येऊन मिळतात, कापडवाला, भांडेवाला, अत्तरवाला, कुणाचं कोण ते समजत नाही, पण बरं वाटतं. हे मी शहेबाजभाईला कधी सांगितलं नाही. काम टाळायला बाईनं काय शोधून काढलंय म्हणाला असता. आणि थोडं तेही होतंच.

खरं सांगायचं तर मला असा काला लहानपणापासून आवडतो. भूकंप झाला तेव्हा मी पहिलीत होते. गणपती बोळवून गाव नुकतं निजलेलं, आणि पहाटे जमीन हलली. माझ्याकडं त्यातलं फारसं काही नाही. तोंडात गेलेली माती आहे, आईनं धरलेला माझा दंड आहे. आजोबा आणि धाकटे काका त्यात गेले. त्यांच्याबद्दल आई आजही कधीतरी आपण होऊन बोलते, मी विचारलं तर बोलत नाही. पण त्यानंतरचे पत्र्याचे शेड माझ्याकडं अख्खेच्या अख्खे आहेत. लांबच लांब शेड, मधे बांबूच्या तट्ट्यांचे आडोसे, एका आडोशात एक घर. रात्री कुणाचं काय ऐकू यायचं नाही ते विचारा. दगडोबा तात्यांचा खोकला, कुणाची बांगडी, कुणाचं भांडण कुजबुजत चालू, कुणी झोपेत हसलं, कुणी रडलं, रडणाऱ्याला तीन घरं पलीकडून कुणीतरी म्हणालं, "झोप गं माय आता." मोठ्या माणसांना तो नरक वाटत असणार. मी मात्र त्या आवाजांच्या मधोमध अशी झोपायचे की बस. पुढं सरकारनं नवं गाव दिलं, सरळ रस्ते, ज्याचं त्याला वेगळं घर, ज्याची त्याला पक्की भिंत. सगळे खूश. पहिल्या रात्री मी भोकाड पसरलं. आई म्हणाली, काय झालं, कुठं दुखलालंय? मला काही ऐकू येत नव्हतं, एवढंच झालं होतं. ते सांगता येईना म्हणून मी पोट दुखतंय म्हटलं, आणि आईनं ओवा चावायला लावला.

तर शनिवारी दुपारी मी त्या काल्याला हात घातला. मन होत नव्हतं, पण सालेहा डोळ्यांपुढून हलेना. मी तिला कधी बघितलेलं नव्हतं. दोन वर्षं नुसती ओळ म्हणून ओळखत होते. चुकलेलं गणित तिसऱ्यांदा, चौथ्यांदा उघडून बघणारी ओळ. वर्षभर अशी घासलेली पोरगी माझ्या एका कागदापायी शेवटच्या बाकावर जाणार, आणि सोमवार यायला मधे एक रविवार फक्त. काम सरळ होतं. प्रत्येक साइटीच्या सेटिंगमध्ये सांगायचं, बाई, तू तुझ्या फाईलीत लिही. फाईलीला नाव द्यायचं. फाईल फुगून डिस्क भरू नये म्हणून जुनी रोजच्या रोज बाजूला काढायची सोय लावायची. आणि शेषेराव सरांची साइट, जी पुण्याच्या कुठल्याशा पोरानं घाईघाईत करून दिलेली आणि जी नुसता पत्ता लिहून मोकळी व्हायची, तिला शिकवायचं की आलेल्या माणसाचं नावही लिही. विष्णुपुरीला इंजिनिअरिंग कॉलेजात असताना आम्ही हे हसतखेळत करायचो, धरणावरून फिरून यायचं आणि एकमेकींचे सर्व्हर बंद पाडायचे. आता सर्व्हरवर खरी गिऱ्हाइकं बसलेली, त्यामुळं प्रत्येक ओळ दोनदा वाचून टाकली. पहिल्या झटक्याला सर्व्हर उठेचना. मग लक्षात आलं, नव्या खोल्या बांधल्या पण किल्ल्या दिल्याच नाहीत, त्या फोल्डरात लिहायची परवानगीच नव्हती बिचाऱ्याला. दिली. उठला. आणि समोर एका फाईलीच्या जागी फाईलींची रांग उभी राहिली, प्रत्येक फाईल कोरी, नव्या गावातल्या घरांसारखी. माझ्या जिभेवर तोच जुना ओवा आला.

पण गंमत बघा. कोऱ्या फाईलीत एकेक ओळ पडायला लागली आणि मी खुर्चीत पुढं सरकून बसले. एरवी गलक्यात बुडणारे आवाज एकेकटे ऐकू येत होते. माणिकप्पा सरांची पोरं येतात ती सरळ पेपरावर, इकडं तिकडं बघत नाहीत, सरांचाच धाक. शेषेराव सरांची आधी सगळं अंगण फिरतात, फोटो बघतात, मग पेपराला बसतात. सराफाच्या साइटीवर दर थोड्या वेळानं कुणीतरी एकच बांगडी उघडून बघतंय, घेत नाही, जात नाही. आणि पाशामियाँच्या घड्याळांच्या साइटीवर सबंध दुपारभर एकच माणूस. पुन्हा पुन्हा येतो, पहिलं पान उघडतो, बघतो, जातो. पत्ता बघितला तर आमच्याच इमारतीचा. मी जिन्यातून खाली वाकून बघितलं. पाशामियाँ काउंटरवर नातवाचा मोबाईल डोळ्यांपासून लांब धरून बसले होते, डोळ्याला घड्याळजींचं भिंग तसंच अडकवलेलं, आणि पडद्यावर त्यांच्या दुकानाची पाटी. दोन वर्षं हा म्हातारा माझ्या डोळ्यांदेखत त्या गर्दीत येऊन जात होता आणि मला पत्ता नव्हता. मला इतकं हसू आलं, आणि हसता हसता इतकं भरून आलं, की मी माझ्या कॉम्प्युटरवरून त्यांची साइट उघडली. तेवढंच त्यांना दुसरं गिऱ्हाईक. तेव्हापासून रोज एकदा उघडते.

घरी आले तर साखर संपलेली. हे दोन महिने चाललं होतं. आमच्या घरात माणसं दोन, आई आणि मी, आणि साखर जाते सात माणसांची. सकाळी उठावं तर चहाची गाळणी ओली, कप धुऊन पालथे घातलेले. मी तिला झापायचे, आई, ह्या वयात इतका चहा पितेस, साखर तपासून घेऊ एकदा. "घे की," म्हणायची, ढिम्म. धुरपताबाई म्हणतात माझ्या आईला. तिची पहाट मला माहीत आहे. भूकंपापासून ती त्या वेळेला झोपू शकत नाही, जाग येतेच, अंगातच बसलंय. नव्या गावात तर कितीतरी वर्षं त्या वेळेला ती आम्हा सगळ्यांना उठवून अंगणात काढायची. थंडी असो, काही असो, अंथरुणासकट बाहेर. दादा, म्हणजे वडील, कुरकुरायचे, तिच्या पाठोपाठ जायचे, उजाडेपर्यंत आम्ही गोधड्यांत बसून राहायचो. लातूरला आणल्यावर तिनं बाहेरची खोली घेतली, दाराशीच अंथरूण. त्या वेळेला दार सताड उघडते आणि उंबऱ्यात बसते. पळायला वाट पाहिजे. आमच्या घरात कुलूप, कडी, चोर, थंडी, कशाचंही काही चालत नाही, त्या वेळेला दार उघडं म्हणजे उघडं. गल्लीत सगळी पोरींची होस्टेलं. त्यांना कळलं की ही मावशी रोज जागी असते, तेव्हा त्या म्हणायला लागल्या, मावशी, आम्हाला उठवा. मग आई काठीनं खिडक्या वाजवत गल्लीभर फिरते. एवढं मला ठाऊक होतं. त्यापुढचं ठाऊक नव्हतं, कारण माझी आतली खोली, पक्की भिंत, घरघरणारा कूलर, आणि माझी झोप.

रविवारी पहाटे मी मुद्दाम गजर लावून उठले आणि लॅपटॉप मांडीवर घेतला. खिडकीत अंधार, पण फाईली धो धो वाहत होत्या. ह्या वेळेला इतकी पोरं जागी असतात हे मी आकड्यांत बघितलं होतं, असं एकेक नावानं बघितलं नव्हतं. औसा, निलंगा, अहमदपूर, कुठली कुठली पोरं, आमच्या नव्या गावातलंही एक. जी वेळ आमच्या मुलखानं कानात बोटं घालून काढली, ती आता पेपर सोडवायची वेळ होती. मी बघतच बसले. मग माणिकप्पा सरांच्या फाईलीत ओळ आली: सालेहा. पेपर उघडला. मी शेषेराव सरांची फाईल शेजारी उघडून ठेवली. पेपर संपला, ती बाहेर पडली, आणि लगेच शेषेराव सरांच्या फाईलीत त्याच पत्त्यावरून नवी ओळ उमटली. ह्या खेपेला तिला नाव होतं. तनुजा. मी मोठ्यानं "हात्तिच्या" म्हटलं असणार. दोन पोरी. एक यंत्र, दोन पोरी, दोन सर. ना सवत, ना भूत. सुटली पोरगी. मग जरा निवांत होऊन मी बाकीची ओळ वाचली, आणि हसू तोंडातच राहिलं. ब्राउझर इतका जुना की तो आता वापरतं तरी कोण. विष्णुपुरीच्या होस्टेलवर मी वापरायचे तो. तो ज्या जुन्या कॉम्प्युटरवर आहे तो आमच्या बाहेरच्या खोलीत, पोपटांचं भरतकाम केलेल्या झाकणाखाली असतो. मी आमची देखभालीची साइट उघडली, म्हणजे तिच्या फाईलीत माझी स्वतःची ओळ पडेल. पडली. अंजना, आणि पुढं पत्ता. तोच. घरच्या नेटचा पत्ता कंपनी वरचेवर बदलते, तो कोण पाठ करतं. पण तिन्ही फाईलींत आम्ही तिघी एकाच पत्त्यावर उभ्या होतो. मी कूलर बंद केला. तेव्हा कुठं मला भिंतीपलीकडलं ऐकू आलं: बोटांचा आवाज, कुणाचं तरी दबकं हसणं, आणि कपात चमचा.

मी मधलं दार उघडलं. माझा जुना कॉम्प्युटर चालू होता, त्याच्यापुढं पाटावर एक लांब वेणीची पोरगी मान घालून बसलेली. दुसरी, ओढणी डोक्यावरून घेतलेली, भिंतीला टेकून चहात बुडवून टोस्ट खात होती. आई तिच्या रोजच्या जागी, उंबऱ्यात, पण रोज बाहेर तोंड करून बसायची ती आज आत तोंड करून बसलेली. मला बघून तिनं ओठांवर बोट ठेवलं. "हळू बोल. तिची परीक्षा चाललीया." टोस्टवाली ताडकन उठली, टोस्ट चहातच राहिला. "मॅडम, सॉरी, आम्ही तुमचं नेट वापरलालोय," तिचे डोळे भरले. "होस्टेलवर कॉम्प्युटर न्हाई, कॅफे उशिरा उघडतं. मावशी म्हणल्या बसा." तिला दुसऱ्याच गुन्ह्याची भीती वाटत होती, आणि खऱ्या गुन्ह्याची खबरही नव्हती. मी म्हटलं, तू सालेहा. तिनं मान हलवली. चुकलेलं गणित चारचारदा उघडून बघतेस, म्हटलं, आणि ती माझ्याकडं अशी बघायला लागली की मला हसू आवरेना. आईला विचारलं, मला का नाही सांगितलंस? "तुला काय सांगू? तू पासवर्ड टाकली असतीस, हे नको ते नको केलं असतीस. ही जळकोटची, ती शिरूर अनंतपाळची. एकीचं झालं की दुसरीला बसवते. लई गुणाच्या हायत. साखर तेवढी लागते."

सोमवारी मी दोन कागद घेऊन स्वतः माणिकप्पा सरांच्या क्लासवर गेले, बॅच भरायच्या आधी. त्यांचा कागद त्यांना दिला, त्यात फक्त त्यांची पोरं. दुसऱ्या कागदावरची एकच ओळ, तनुजाच्या परवानगीनं, बोटानं दाखवली आणि कागद परत घेतला. सरांनी पुन्हा पुन्हा बघितलं. "म्हणजे दोघी?" दोघी, सर. "आणि यंत्र?" माझं. घर माझं, चहा आईचा. सरांनी आपल्या कागदाची घडी घातली. मग खडू घेतला, ठेवला, आणि हळूच विचारलं, "त्या तनुजाला किती मार्क पडतात हो?" मी म्हटलं, ते तुमच्या फाईलीत येत नाही आता, सर. आणि सर हसले. मी त्यांना कधी हसताना बघितलं नव्हतं. खडू आपटल्यासारखंच हसतात. सालेहा पहिल्या बॅचमध्ये पहिल्या बाकावरच बसली. खरं म्हणजे ती उठलीच नव्हती, तिला कळलंच नाही की आपण उठलो होतो.

पण हे सोमवारचं. रविवारी पहाटे अजून उजाडायचं होतं. तनुजाचा पेपर चालला होता, सालेहा पुन्हा भिंतीला टेकली होती, आईनं मलाही कप दिला. मी खाली बसले, दोन पोरींच्या मधे, आणि बोटांचा आवाज, चहाचा आवाज, आईच्या बांगड्या, बाहेर गल्लीत कुणीतरी मोठ्यानं सूत्र पाठ करत चाललेलं, असं सगळं एकदम कानावर पडत राहिलं. मला वाटलं, आपण इथंच झोपून जाऊ. उघड्या दारातून गार वारा आत येत होता. सालेहानं ओढणी घट्ट ओढली. आईनं ते बघितलं. तिनं एकदा बाहेर अंधाराकडं बघितलं, एकदा पोरींकडं, आणि उंबऱ्यातून उठून आत येऊन बसली.

"अंजे," म्हणाली, "दार लोट. पोरींना गार लागलालंय."

मी उठले आणि दार लावून घेतलं.